तंबूनं पोट आत घ्यायला हवं

भर पावसाळ्यात पैसे देऊन दमटपणा विकत घेणारी अख्ख्या घाटकोपरमध्ये मी बहुधा एकटीच असेन. बिल्डिंगमध्ये लोकांच्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी धरली होती, पापड फडक्यासारखे वाकत होते, मीठ डबीतून बाहेर यायला तयार नव्हतं, आणि मी खोक्यातून हवेत वाफ सोडणारं यंत्र बाहेर काढत होते. त्याच्या जोडीला बाहेरून काळाकुट्ट आणि आतून चंदेरी असा पाच फुटी तंबू, चार इंची एक्झॉस्ट फॅन, घड्यांची अॅल्युमिनियमची नळी आणि दमटपणा मोजायचे दोन मीटर. एवढा संसार कशासाठी, तर घरात अळंबी उगवायची म्हणून. निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं होतं.

खरं कारण पप्पा होते.

पप्पा चौतीस वर्षं ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरीला होते, व्हेंटिलेशनमध्ये. कुठल्या खोलीतली हवा कुठल्या खोलीत जाऊ द्यायची आणि कुठल्या खोलीतली अजिबात बाहेर पडू द्यायची नाही, हे बघायचं त्यांचं काम. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण खोड गेली नाही. लग्नाला गेलो की ते आधी हॉलचे एक्झॉस्ट बघतात, मग नवरा-नवरी. एकदा एका हॉटेलात त्यांनी मॅनेजरला बोलावून, "तुमच्या किचनची हवा गिऱ्हाइकांच्या अंगावर येते आहे, उलटं पाहिजे," असं पंधरा मिनिटं समजावलं होतं. आई आणि मी मेन्यूकार्डात तोंड खुपसून बसलो होतो.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून पप्पा बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे. घाटकोपरवरून विमानं खाली उतरतात, ती बघायचे. मी सकाळी मेट्रोनं अंधेरीला ऑफिसला जाताना ते खुर्चीत, संध्याकाळी आल्यावरही खुर्चीत. मग त्या वर्षी जूनमध्ये एकदा जेवताना, घरातली साखर संपली आहे असं सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाईन. तिथून तुझ्या काकासोबत गावी. आता तिकडेच राहीन."

"किती दिवस?"

"आता तिकडेच म्हटलं ना. इथं माझं काय काम?"

काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वर्ध्याकडे आमचं गाव आहे, तिथं राहतो. त्याला त्यांनी शब्दही देऊन टाकला होता. पप्पांनी दिलेला शब्द म्हणजे सरकारी शिक्का, तो पुसता येत नाही.

मला ते जायला नको होते. हे इथं सरळ लिहिते, कारण तेव्हा सरळ बोलले नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धतच नाही. मला पहिली नोकरी लागली तेव्हा पप्पा म्हणाले होते, "डबा घासून आणत जा." आई गेली त्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, जेवलीस का. असल्या माणसाला तोंडावर "जाऊ नका" म्हणायचं म्हणजे दोघांनाही घाम फुटला असता. मग मी लबाडी करायची ठरवली. तशी लबाडीशी माझी रोजची ओळख आहे. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. लोकांच्या खोट्या गोष्टी पकडण्याचा मला पगार मिळतो.

योजना साधी होती. पप्पांना चुकीची हवा सहन होत नाही. तर घरातच, त्यांच्या डोळ्यांसमोर, अशी काही चुकीची हवा खेळवायची की त्यांना खुर्चीतून उठावंच लागेल.

अळंबी सुचवली ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं. तिनं बाथरूममध्ये लावून बघितली होती. तिच्याकडून कळलं की धिंगरी अळंबीला ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा लागतो आणि त्याच वेळी भरपूर ताजी हवासुद्धा. आता या दोघांचं कायम वाकडं. ताजी हवा आत घेतली की दमटपणा बाहेर पळतो, आणि दमटपणा कोंडून ठेवला की हवा शिळी होते. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मैत्रिणीला वाटलं, मला अळंबी फार आवडते. ऑगस्ट संपता संपता खोकी घरी आली.

आठवडाभर मेट्रोतून येता-जाता मी तंबू कसा लावायचा याचे व्हिडिओ पाहिले. अगदी मन लावून. बरोबर कसं करायचं हे नीट कळल्याशिवाय नीट चुकता येत नाही. मग एका रविवारी हॉलमध्ये, बाल्कनीच्या दारालगत, पप्पांच्या खुर्चीतून सरळ दिसेल असा तंबू उभा केला. ताजी हवा आत यायचं भोक आणि शिळी हवा बाहेर जायचं भोक, दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांपासून वीतभर. फॅन खाली जमिनीला टेकवून. आणि वाफेचं यंत्र बरोबर त्या फॅनच्या तोंडाशी, म्हणजे वाफ निघाली की थेट बाहेर. नळी तर अशी वळवली की बघणाऱ्याचं पोट दुखावं. मीच लांब उभी राहून बघितलं आणि मला माझा अभिमान वाटला.

पप्पा पेपर वाचत होते.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची थोडी तिरकी केली, म्हणजे तंबू दिसणार नाही. मी म्हटलं, संपलं, वाट लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चपला काढत होते, तेवढ्यात आवाज आला.

"ही हवा आत येऊन करते काय?"

"कुठली हवा?"

"ही, तुझ्या तंबूतली. आली काय, गेली काय. दारात उभं राहून पत्ता विचारून परत जाते. आत येतच नाही ती."

"व्हिडिओमध्ये असंच होतं."

"व्हिडिओ!" पप्पा उठले. दोन वर्षांत त्यांना एवढ्या लवकर उठताना मी पाहिलं नव्हतं. "स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत हसून घेतलं.

पुढचे दोन आठवडे घर माझं राहिलं नाही. खिडकीच्या एका काचेच्या जागी प्लायवूड आलं, त्याला गोल भोक पडलं, त्यातून शिळी हवा बाहेर. बाहेरच्या तोंडाला जाळी बसली, कारण आमच्या बिल्डिंगच्या कबुतरांना कुठलंही भोक म्हणजे आपलं घर वाटतं. फॅन वर गेला, तंबूच्या डोक्यापाशी. ताजी हवा समोरच्या बाजूनं खालून, गाळून आत यायची, ज्यांत अळंबी उगवायची त्या पेंढ्याच्या पिशव्यांना वळसा घालून वरून बाहेर जायची. वाफेचं यंत्र आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर आलं, म्हणजे हवा आत येतानाच भिजून यावी. फॅन पंधरा मिनिटं बंद, दोन मिनिटं चालू, असा टायमर लागला. आणि जोडांवर क्लॅम्प. प्रत्येक जोडावर.

"बाहेर जाणारी हवा जरा जास्त पाहिजे," पप्पा मला शिकवायचे. "म्हणजे आतला दाब कमी राहतो. अळंबीची भुकटी उडते, ती छातीत गेली की खोकला. ती घरात यायला नको. फॅन चालू झाला की तंबूनं पोट आत घ्यायला हवं. घेतलं, तर समजायचं सगळं ठीक आहे. सैल पडला, तर कुठंतरी गळतंय."

मी मान हलवायची आणि मुद्दाम एखादा मूर्ख प्रश्न विचारायची. त्यांना फार बरं वाटायचं.

एक अडचण आली. तंबू हवा ओढायचा ती हॉलमधली, आणि हॉलमध्ये हवा यायची ती स्वयंपाकघरातून. मी सुकट भाजली त्या दिवशी पप्पांनी तंबूत नाक घालून वास घेतला आणि फर्मान काढलं की यापुढे सुकट फक्त फॅन बंद असताना. म्हणजे पंधरा मिनिटांत भाजून व्हायला पाहिजे. गॅसवर तवा, एक डोळा टायमरवर, अशी मी महिनाभर सुकट खाल्ली.

याच दिवसांत गणपती जवळ आले होते, आणि तिथून ती भानगड सुरू झाली. हवा कुठून कुठं जाते हे बघायला पप्पा उदबत्ती वापरायचे. धुराची रेघ कुठं वाकते ते बघत बसायचं, ही त्यांची जुनी सवय. तर त्या दिवशी ते गुडघ्यावर बसून, तंबूचं दार उघडं ठेवून, आत दिवे लावून, दोन्ही हातांत उदबत्त्या धरून अगदी तल्लीन झाले होते. आतली चंदेरी भिंत लखलखत होती. आणि आमच्या शेजारच्या मालवणी काकू साखरेची वाटी घेऊन दारात आल्या. गुडघ्यामुळे त्यांचं यंदा गावी जाणं रद्द झालं होतं, त्यामुळे त्या आधीच हळव्या झालेल्या.

त्या थबकल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "गो बाय, माका सांगलंस पण नाय! मखर काय मस्त केलाहा. किती दिवसांचो?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा मागे न वळता म्हणाले, "एकवीस दिवस तरी लागतील."

काकूंनी हात जोडले. "एकवीस! मोठो मान हा. स्थापना कधी?"

"स्थापना नाही, कमिशनिंग," पप्पा म्हणाले. "ते सोमवारी."

मी सगळं समजावून सांगितलं, तरी काकूंना ते पटायला वेळ लागला. पण अळंबी म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा मखर बघताना नव्हता तेवढा उजळला. "अळमी? ह्या घरात अळमी येतली?" त्यांच्या माहेरी पावसात रानातून पोरं टोपल्या भरून आणायची म्हणे. त्यानंतर त्या रोज येऊन तंबूच्या प्लास्टिकच्या खिडकीतून आत डोकवायला लागल्या. फक्त त्याआधीच त्यांनी जिन्यात दोघांना मखराची बातमी देऊन ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बौद्धांच्या घरी गणपती येतोय, तोही एकवीस दिवसांचा, हे बिल्डिंगभर झालं. चतुर्थीला सकाळपासून बेल वाजत होती. पप्पा आयुष्यभर देवाधर्माच्या बाबतीत कडक माणूस. पण त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, आणि आतला दाब कमी का ठेवायचा ते सविस्तर समजावलं. पाच जणांना. दोघांनी जाताना तंबूला नमस्कारही केला. पप्पांनी तेही चालवून घेतलं.

मी बघत होते. महिन्याभरापूर्वी हा माणूस विमानं बघत होता.

पहिलं पीक फसलं. पेंढ्याच्या पिशव्यांना चिरा दिल्या, त्यांतून गुलाबी कोंब आले, सगळे खूश. आठवड्यानं बघतो तर तंगड्या लांबलचक आणि डोकं टिचभर. काकू म्हणाल्या, ही अळमी उपाशी दिसते. पप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी टायमर बदलला, पंधरा मिनिटांचे दहा केले, आत यायचं भोक मोठं केलं. "हवा कमी पडली की ती मान वर करून शोधते," म्हणाले. दुसऱ्या खेपेला आली ती अशी आली की पिशवी दिसेना. हाताच्या पंजाएवढी, गुलाबी, कडेला किंचित लाटा. झकास. काकूंनी खोबऱ्याचं वाटण लावून कालवण केलं आणि पप्पांनी तीन वेळा वाढून घेतलं.

आणि इथंच माझी योजना उताणी पडली. काम पूर्ण झालं. तंबू वेळेवर पोट आत घ्यायचा, मीटर अठ्ठ्याऐंशीवर ठाण मांडून बसायचा, आणि पप्पा परत बाल्कनीत. एका संध्याकाळी मी घरी आले तर ते काकाशी फोनवर बोलत होते, तिकीट कुठल्या गाडीचं काढायचं म्हणून. मला नोकरीत शिकवलंय की पुरावा ठेवायचा नाही हे चोराचं पहिलं काम. मी दुसऱ्या सकाळी ऑफिसला निघताना पप्पांचाच एक रुमाल ओला केला, चारपदरी घडी घातली, आणि तंबूच्या आत मीटरच्या पाठीमागं, दांडीला दिसणार नाही असा खोचला.

मीटर नव्याण्णव दाखवायला लागला. वाफ मीटर बघून सोडायची असल्यामुळे पिशव्या मात्र कोरड्या, कडांना तडे. पप्पा पुन्हा उभे राहिले. दुसरा मीटर लावून बघितला. मग मीठ ओलं करून एका बंद डब्यात मीटर ठेवला, कारण तिथं तो पंचाहत्तर दाखवतो म्हणे, नाही दाखवलं तर मीटर खोटा. मीटर खरा निघाला. तीन दिवस त्यांनी मीटर डब्यात, मीटर तंबूत, असं केलं, आणि मी रोज तोंड पाडून विचारायची, "काय झालं असेल हो पप्पा?" चौथ्या दिवशी मलाच त्यांची दया आली आणि मी रुमाल काढायला गेले, तर रुमाल तिथं नव्हता. पेंढ्यात कुठंतरी पडला असेल, असं समजून मी गप्प बसले.

रुमाल गेला आणि मीटर सुधारला. पण तंबूला त्यानंतर नजर लागल्यासारखं झालं. पप्पा गावी न्यायची बॅग विकत आणायला निघाले त्या सकाळी वरचा क्लॅम्प ढिला पडला आणि तंबू सैल होऊन लोंबायला लागला. बॅग राहिली. पुढच्या आठवड्यात कपडे काढून ठेवले त्या दिवशी वाफेचं यंत्र बंद. आत कुठंतरी काडी अडकली होती. मग हवा गाळायच्या जाळीत कापूस भरलेला सापडला. मी आधी कबुतरांना बोल लावला, मग स्वस्तातल्या मालाला, एकदा तर काकूंच्या नातवंडांवरही संशय घेतला. पण मनातल्या मनात खूशच होते. मी काही करायची गरजच उरली नव्हती. खोटे क्लेम पकडणारी बाई मी, आणि काडी आपोआप यंत्रात कशी जाते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

दसऱ्याला, म्हणजेच धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आठ दिवस राहिले तेव्हा काकाचा फोन आला. पप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरी फोन स्पीकरवरच असतो.

"दादा, खोलीले चुना मारून ठेवला. पंखा बी लावला. कवा निघतं?"

"अडचण आहे रे," पप्पा म्हणाले. "रिलीव्हर तयार नाही."

"कोन?"

"आमच्याकडे नियम होता. पुढच्या पाळीचा माणूस येऊन, सगळं समजून घेऊन, सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. मग घरी लग्न असो की काही असो. इथं तंबू आहे. तो पोरीच्या हातात द्यायचा, तर ती अजून कच्ची आहे."

"तिले बारावीत येवढे मार्क होते न दादा!"

"मार्क वेगळे, हवा वेगळी." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग गं, फॅन चालू आहे आणि तंबू सैल पडला, तर काय करशील?"

मला उत्तर झोपेतही आलं असतं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "खिडकी उघडेन."

"ऐकलंस?" पप्पा फोनमध्ये म्हणाले. एखाद्याची मुलगी नापास झाल्यावर बापाचा आवाज असा असत नाही. पण तेव्हा मी माझ्याच अभिनयावर इतकी खूश होते की मला ते ऐकू आलं नाही.

काका मात्र ऐकणारा नव्हता. त्यानं खोलीला चुना मारला होता, पंखा लावला होता, गावात चार लोकांना सांगितलं होतं. "मंग मी येतो न्यायले," म्हणाला. "शनवारी." शनिवारी तो आला की नियमही चालणार नव्हता आणि तंबूही. भाऊ दारात उभा राहिल्यावर दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले पप्पा नव्हेत. मंगळवारी मी त्यांचे तीन शर्ट इस्त्रीला दिले. ते देताना मला रडू आलं, आणि इस्त्रीवाल्यासमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून सर्दी झाल्याचं नाटक केलं.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की लॅपटॉपचा चार्जर राहिला. परत आले, किल्लीनं दार उघडलं.

पप्पा स्टुलावर उभे होते. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हाताने नळी धरलेली, आणि ते अगदी हळू आवाजात स्क्रूचे फेरे मोजत होते. "एक… दीड… दोन." क्लॅम्प सुटला. त्यांनी नळी जोडातून फक्त बोटभर बाहेर ओढली, लांबून बघितलं, जास्त वाटली म्हणून थोडी आत ढकलली. फॅन सुरू झाला. तंबू सैल पडला. पप्पांनी समाधानानं मान हलवली आणि उतरायला वळले.

मी दारात होते.

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग काय आलं ते मलाच कळेना. "काडीसुद्धा तुम्हीच?"

"स्टूल धर," पप्पा म्हणाले. "पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन."

मी स्टूल धरलं. ते उतरले. स्क्रूड्रायव्हर कुठं लपवावा ते न सुचून त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला, तो तिथून डोकं वर काढून राहिला.

"कापूस?"

"हं."

"पप्पा, मी काकूंच्या नातवंडांवर आळ घेतला!"

"मग? आणि माझा रुमाल कुणी भिजवला? मी तो धुऊन, वाळवून परत माझ्या कपाटात ठेवला. तीन दिवस मीटर मिठात घालून बसलो मी, तुला बरं वाटावं म्हणून." ते खुर्चीत बसले. आवाज चढला होता, पण नजर तंबूकडे होती. "पहिल्या दिवशी दोन्ही भोकं एकाच बाजूला पाडलीस. एक वीत अंतर. फॅन जमिनीवर. माझी मुलगी एवढी ढ आहे? मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, ऑफिसच्या कपड्यांत, पर्स खांद्याला तशीच. विमान गेलं. मग मी ते वाक्य बोलले. त्याला एवढा वेळ का लागला ते मला आजही सांगता येत नाही.

"पप्पा, जाऊ नका. मला इथं तुम्ही हवे आहात. काम असो नसो."

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "एवढंच होतं तर तसं म्हणायचं ना गं. केवढा मोठा तंबू आणलास."

"आणि तुम्ही?"

"मी कसं म्हणणार? तूच म्हणाली नाहीस, तर मी कुठल्या तोंडानं राहायचं?"

ते ऐकून मात्र मला रडू आलं. या वेळी सर्दी झाल्याचं नाटक केलं नाही. दोन महिने मी या माणसाला खुर्चीतून उठवायला यंत्रं आणत होते, आणि तो चार महिने कुणीतरी आपल्याला राहा म्हणावं म्हणून वाट बघत बसला होता. आणि मी समोरून रोज चपला घालून जात होते.

पप्पांनी फोन उचलला. काकाला काय सांगावं याचा ते जरा विचार करतील, नियम वगैरे काहीतरी काढतील, असं मला वाटलं. त्यांनी नंबर लावला. स्पीकर नेहमीसारखा चालूच.

"हां दादा. शनवारची गाडी…"

"येऊ नकोस," पप्पा म्हणाले. "पोरगी सोडत नाही."

एवढंच. नियम नाही, तंबू नाही. काका पलीकडून म्हणाला, "मंग ठीक आहे. पोरगी सोडत नसन तर मानूस काय करते." चुन्याचं आणि पंख्याचं त्यानं नावही काढलं नाही. पप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता, कुणाला तरी मोठी बातमी सांगावी तसं, पुन्हा एकदा म्हणाले, "सोडत नाही म्हणे."

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. फॅन दर दहा मिनिटांनी सुरू व्हायचा, क्लॅम्प ढिलाच होता, तंबू समोर सैल लोंबत होता. दुपारच्या जेवणापर्यंत आमच्यापैकी कुणीच तो घट्ट करायला उठलं नाही.